शेजारच्या भिंतीलगतचा चर

आमच्या जागेची पश्चिमेकडची हद्द म्हणजे अण्णांच्या घराची भिंत. मध्ये कुंपण नाही, बोळ नाही. त्यांची भिंत संपली की आमची जमीन सुरू. हातकणंगल्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ही दोन गुंठे जागा आम्हाला मिळाली, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा एसटीत ड्रायव्हर होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. तोवर आम्ही रुळांपलीकडं, आमच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो. भावकीतलं वस्तीबाहेर उभं राहणारं हे पहिलंच घर. गल्ली लिंगायत आणि मराठा कुटुंबांची. जागा घेतली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण कुणी काही न बोलणं म्हणजे काय असतं, ते मला शाळेत शिकत होते तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं, या गल्लीत आपल्याकडनं चूक व्हायची नाही. कुणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही.

अण्णा सत्तरीचे होते. उभं आयुष्य त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानात काढलं होतं, आता घरीच असायचे. सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हुबळीला नोकरीत होता. त्या उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तिला नववा महिना लागला होता. बाप-लेक आपसात कानडी बोलायचे. माझ्याशी अण्णा मोजकं बोलत, पण अहो-जाहो करून. आत या असं मात्र कधी म्हणाले नव्हते, आणि मीही त्यांच्या पुढच्या सोप्याची पायरी कधी चढले नव्हते.

घर जुन्या पद्धतीचं होतं. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर लाकडी तुळया, वासे आणि कौलं. ही पांढरी माती पाण्यात भिजवून, पायानं तुडवून तिचे मोठे मोठे भेंडे थापायचे, उन्हात वाळवायचे आणि एकावर एक रचून त्याच मातीच्या चिखलात बसवायचे, अशी ती भिंत. दसऱ्याच्या आधी दरवर्षी अण्णा माणसं लावून बाहेरनं नवा गिलावा करून घेत, पावसानं जिथं माती धुपली असेल तिथं भर घालत. मे महिन्यात आमच्या मोकळ्या जागेवर उन्हाचा नुसता जाळ व्हायचा. दुपारी मी त्या भिंतीच्या सावलीत डबा खायला बसायची आणि पाठ टेकवली की आतून गार लागायचं.

आम्हाला मात्र स्लॅबचं घर हवं होतं. दगडी पाया, विटांच्या भिंती, वर स्लॅब, पुढंमागं वरचा मजला चढवता येईल असं. काम बघायला माझे दीर होते. नवऱ्याचे चुलतभाऊ, आमच्याच वस्तीतले, नाव झालेले गवंडी. ते मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावजी. त्यांच्या वडलांनी हयातभर मातीची घरं बांधली होती, त्यामुळं त्यांना सिमेंटही कळायचं आणि मातीही.

पायाची आखणी केली त्या दिवशी भावजींनी चुन्याची फक्की टाकता टाकता मला सांगितलं होतं. "वहिनी, अण्णांच्या भितीला पाया न्हाईच असं समजा. हातभर दगूड असतील खाली, बास. आपल्याला मुरूम लागंस्तोवर पुरुषभर खाली जायाचं हाय. हितं सलग चर मारायचा न्हाय. चार हात खणायचं, तेवढा दगूड बांधून घ्यायचा, माती भरून चोपायची, मगच पुढचं चार हात."

त्याला किती दिवस लागतील, विचारलं तर म्हणाले, नुसती ही एक बाजू पंधरा-वीस दिवस खाईल. त्यांचं खरं तर म्हणणं होतं की भिंतीपासून दोन-तीन हात जागा सोडूनच द्यावी. पण दोन गुंठ्यांतले तीन हात सोडायला आम्ही दोघंही तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी भावजी मेहुण्याच्या लग्नाला गडहिंग्लजला गेले. शनिवारी दुपारीच परतणार होते. त्याच सकाळी पाया खणणारी टोळी आली. मुकादम म्हणाला, परवापासनं आम्ही जयसिंगपूरच्या कामावर, दोन दिवसांत सगळं खणून देतो, नाहीतर मग तुमचं काम पावसाळ्यानंतर. मी त्याला भिंतीकडची बाजू तुकड्यातुकड्यानं खणायचं सांगितलं. तो म्हणाला, तुकड्यातुकड्यानं करायला परत परत कोण येणार? घ्यायचं तर सगळं घ्या.

नवऱ्याला तेव्हा चंदगडची मुक्कामाची गाडी होती. जोडीचा ड्रायव्हर रजेवर, म्हणून त्या आठवड्यात तो सलग तिकडंच होता, घरी येणार तो रविवारी दुपारीच. आदल्या दिवशी निघताना म्हणाला होता, तू रोज तिथं असतीस, तुला जास्त कळतं, तू ठरव. मी हिशेब केला. जूनच्या मध्याला शाळा सुरू, त्याच्या आत पाऊस. काम दिवाळीवर गेलं असतं. मी मुकादमाला म्हटलं, खणा.

दोन दिवसांत चर झाला. अण्णांच्या भिंतीलगत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग, पुरुषभर खोल. खणताना अण्णांच्या मोरीचं पाणी वाहून नेणारी छोटी दगडी गटार तुटली. मुकादम म्हणाला, नंतर बांधून घ्या. मी ते बघितलं होतं आणि बरं म्हटलं होतं. टोळी शुक्रवारी संध्याकाळी निघून गेली.

शनिवारी सकाळी मी जागेवर आले तर अण्णा सोप्याच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "बाई, जरा आत या."

पहिल्यांदाच मी त्या घरात पाऊल टाकलं. सोपा ओलांडून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खोलीत अंधार आणि गारवा होता. भिंतीला लागून पलंग, पलंगावर त्यांची मुलगी पाय सोडून बसलेली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून तुळईपर्यंत भिंतीला तिरकी भेग गेली होती. भेगेवर अण्णांनी वर्तमानपत्राची एक पट्टी खळीनं चिकटवली होती. ती मधोमध फाटली होती.

"काल दिवेलागणीला चिकटवलीया," अण्णा म्हणाले. "सकाळी उठून बघतो तर ही अशी."

मी फाटलेल्या कागदाकडं बघत राहिले. करंगळी जाईल एवढी फट होती. मी म्हटलं, गवंडी आज दुपारी येतायत, ते बघतील. मुलीला या खोलीतनं हलवा म्हणावं असं वाटलं होतं, पण ते म्हटलं असतं तर भिंत पडणार असं कबूल केल्यासारखं झालं असतं. बाहेर येऊन चरात डोकावले. मोरीचं दोन दिवसांचं पाणी तळाशी साचलं होतं, आणि भिंतीखालची काळी माती ओली होऊन हळूहळू, ढेकळा-ढेकळानं सुटत होती. एक ढेकूळ पडलं की थोडा वेळ काही नाही. मग दुसरं.

दुपारी दोनच्या सुमाराला भावजी आले. स्टँडवरनं सरळ, हातात लग्नाची पिशवी तशीच. चर बघून जागच्या जागी थांबले. मग पिशवी ठेवली, ओळंबा काढला आणि भिंतीच्या माथ्याशी धरून खाली सोडला. खालचा गोळा भिंतीपासून चार बोटं लांब राहिला. म्हणजे भिंत वरनं चार बोटं आमच्या बाजूला कलली होती. त्यांनी खाली वाकून भिंतीखालची माती चिमटीत घेतली, दाबली, टाकून दिली. मग माझ्याकडं बघितलं. तेवढंच.

एवढ्यात अण्णा बाहेर आले. गल्लीतली चार-सहा माणसंही जमली होती. अण्णांनी सगळ्यांच्या देखत भावजींना धरलं. कसला गवंडी म्हणायचं तुला, बापानं तुला हेच शिकवलं काय, दुसऱ्याच्या भिंतीखालनं माती काढताना हात थरथरला नाही का, आत पोटुशी पोर झोपतीय. आवाज चढत गेला. जमलेल्यांतला एक म्हणाला, ह्या लोकांना कामं दिली की असंच. तो कोण ते मी सांगू शकते, पण नको.

भावजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, की ते गावात नव्हते, खणायला मी सांगितलं. शाळेत मी पोरांना रोज खरं बोलायला शिकवत होते. माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही. गल्लीतल्या प्रत्येक तोंडाकडं मी बघत होते आणि मनात एवढंच होतं, की एकदा हे माझ्या नावावर लागलं की आयुष्यभर लागलं.

अण्णा आत गेले. भावजींनी फावडं उचललं आणि पहिल्यांदा मोरीचं पाणी मातीचा बांध घालून गल्लीकडं वळवलं. मग वस्तीत निरोप धाडला. त्यांची बायको आणि दोन मजूर आले. चर परत भरायचा, पण कुणी खाली उतरायचं नाही, वरनंच माती लोटायची, असं त्यांनी बजावलं. आम्ही पाटीवर पाटी ओतू लागलो. ऊन असं होतं की फावड्याचा दांडा हाताला चटके देत होता. पश्चिमेला वळवाचे ढग चढायला लागले होते. भावजी मधूनमधून वर बघायचे आणि परत भिंतीकडं.

तासाभरानं ते माझ्याजवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, नुसती माती भरून भागत नाही. भिंतीवर अख्ख्या छपराचं वजन आहे. आतनं वाशांखाली आडवं लाकूड घालून त्याला टेकू द्यायचे, छपराचा भार भिंतीवरनं काढून टेकूंवर घ्यायचा. मग भिंत गेली तरी छप्पर माणसांवर येणार नाही. स्टेशनजवळच्या सेंटरिंगवाल्याकडनं त्यांनी हातगाड्यावर बल्ल्या आणि फळ्या मागवूनही घेतल्या होत्या. पण ते पायरीशी गेले तशी अण्णांनी दारात आडवा हात धरला.

"ज्यानं भित हलवली, त्यालाच घरात घेऊ व्हय?" अण्णा म्हणाले. "तू न्हाय. दुसरा गवंडी बोलावलाय मी. पेठवडगावचा."

तो पेठवडगावचा गवंडी कधी येणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. आतनं बारीक आवाज येत होता, वाळूची पुडी सुटावी तसा. भिंतीचा आतला गिलावा झरत होता. मुलगी पलंगावरनं उठून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली होती. भावजी पायरीखाली उभे, अण्णा दारात. दोघंही हलेनात.

मी हातातली पाटी खाली ठेवली. माझे हात चिखलानं भरलेले होते, पायही. मी पायरीपाशी गेले.

"अण्णा, सलग खणायला मी सांगितलं," मी म्हटलं. "हे गावात नव्हते. जायच्या आधी मला बजावून गेले होते, की असं खणायचं नाही. गटार तुटली तीपण मी बघितली होती."

अण्णा माझ्याकडं वळले.

"मग मघाशी का बोलला न्हाईसा?"

"भ्याले."

"कुणाला?"

जे खरं होतं तेच मी बोलले. "आम्हाला इथं राहायचंय, अण्णा."

त्यांनी दारावरचा हात काढला, बाजूला झाले आणि भावजींना म्हणाले, "ये आत. काय लावायचं ते लाव."

पुढचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. पलंग ओढून सोप्यात काढला. भिंतीपासून दीड हात आत, वाशांखाली लाकडाची जाड फळी आडवी धरली, दोन मजुरांनी ती डोक्यावर उचलून ठेवली. भावजींनी बल्ल्या मापानं कापल्या, एकेक उभी करून तिच्या बुडाशी पाचर ठोकली. ठोकताना फार जोर लावायचा नाही, हादरा बसेल. प्रत्येक ठोक्याला भिंतीतनं माती झरायची. वर कौलं करकरायची. अण्णा एका बल्लीला दोन्ही हातांनी धरून उभे होते, जसं काही तेच छप्पर पेलत होते. तिसरी पाचर बसली तेव्हा भावजींनी वर हात लावून बघितलं, वासे किंचित उचलले गेले होते. चौथी बल्ली लावताना त्यांनी मान न वळवता मला विचारलं, मुलगी कुठाय. सोप्यात, मी म्हटलं.

"सोप्यात नको. गल्लीत न्या तिला. आत्ता."

मी तिचा दंड धरला. ती जड झाली होती, पायऱ्या उतरताना एकेक पाय जपून टाकत होती, आणि माझ्या चिखलाच्या हातांनी तिची साडी माखली. आम्ही गल्लीच्या मध्यावर पोचलो आणि ती एकदम थांबली. तिची दवाखान्याची फाईल आत राहिली होती. त्या भिंतीच्याच खिळ्याला पिशवीत अडकवलेली. हे तिनं मला नाही सांगितलं, दारात आलेल्या वडलांना कानडीत सांगितलं, आणि अण्णा तसेच मागं फिरले.

"बेड, अप्पा," ती म्हणाली. नको, नको, एवढंच ती परत परत म्हणत राहिली. मी तिला सोडून पायरीपर्यंत धावले. आत मला दिसलं ते एवढं: अण्णांनी खिळ्याकडं हात लांबवलेला, आणि भावजींनी मागनं त्यांच्या कमरेला मिठी घालून त्यांना उचललेलं. दोघं माझ्या पायाशी सोप्यात येऊन पडले. आणि भिंत गेली.

मोठा आवाज होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही. धप्प झालं, लांबलचक, आणि मग धूळ. पांढरी धूळ इतकी की काही वेळ घर दिसेना. धूळ बसली तेव्हा खोलीची एक बाजू सरळ उघडी पडली होती. आतनं आमची मोकळी जागा दिसत होती. भिंतीचा मधला भाग, आठ-दहा हात तरी, आमच्या अर्धवट भरलेल्या चरात जाऊन पडला होता. काही कौलं घसरली. पण छप्पर टेकूंवर तोलून राहिलं होतं. दोन्ही मजुरांना भावजींच्या बायकोनं आधीच बाहेर बोलावून लांब हटवलं होतं.

अण्णा सोप्यात बसूनच होते. भावजींच्या कोपरातनं रक्त येत होतं. वळीव आला नाही. ढग तसेच पुढं निघून गेले.

मुलीला कुठं ठेवायचं, असा प्रश्न आला. आमच्या दोन खोल्या होत्या. मी मनातल्या मनात पलंग कुठं टाकायचा तेही ठरवलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःहून पुढं झाले नाही. समोरच्या घरातल्या बाई आल्या आणि तिला त्यांच्याकडं घेऊन गेल्या. आठ दिवसांनी ती दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, हे मला भावजींकडनं कळलं. फाईल मी दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्यातनं उकरून काढली, धूळ झटकून समोरच्या बाईंच्या हातात दिली.

रविवारी दुपारी नवरा चंदगडहून आला. डेपोत त्याला कुणीतरी सांगितलंच होतं. तो जागेवर येऊन पडलेली भिंत बघत बराच वेळ उभा राहिला. सलग खणायला मीच सांगितलं, एवढं मी त्याला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मीच म्हणालो होतो ना, तू ठरव." मग पाय धुतले आणि अण्णांकडं गेला. मीही मागोमाग गेले. त्यानं सांगितलं, आमचं घर राहू दे, आधी तुमची भिंत उभी करू. विटांची करू, पक्की.

अण्णा म्हणाले, "सिमेंट-बिमेंट न्हाय. मातीची हुती, मातीचीच पायजे. विटांचं आणि ह्याचं जमत न्हाय. दोन वरसात फट पडंल."

भावजींनी मान हलवली. अण्णांचं बरोबर होतं. नवी माती आणायचीही गरज पडली नाही. पडलेल्या भिंतीचीच माती चाळली, भिजवली, तिच्यात भाताचं तूस घातलं. भावजींच्या वडलांना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांचे भेंडे थापायचे हात भावजींना बघून बघून पाठ होते, पण स्वतः त्यांनी सिमेंटच्या काळात ते काम फारसं केलं नव्हतं. पहिले दोन थर त्यांनी पाडून परत घातले. खाली मात्र त्यांनी मुरमापर्यंत जाऊन दगडी पाया दिला, चार-चार हातांनी, जसं आमच्यासाठी ठरवलं होतं तसंच.

मी सुट्टी संपेपर्यंत रोज माती तुडवली. साडी खोचून, उन्हात, गल्ली बघत असताना. अण्णा खुर्ची टाकून बसलेले असत. आठवडाभर त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. मग एकदा म्हणाले, "बाई, पानी कमी पडलंय. टाचंला खडा लागतोय का बघा." मी बघितलं, लागत होता. मी पाणी घातलं.

मातीची भिंत घाईनं चढत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. ढग आले की उसाचा पाला आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन आम्ही धावायचो. रात्री नवऱ्याला झोप यायची नाही, वारा सुटला की तो सायकल काढून कागद उडाला का बघायला जायचा. तेवढे सगळे दिवस अण्णा टेकूंच्या छपराखालीच राहिले, समोरच्यांनी किती सांगितलं तरी हलले नाहीत. जूनच्या मध्यापर्यंत भिंत वाशांना भिडली. भावजींनी एकेक पाचर सैल केली आणि छप्पर परत भिंतीवर बसलं. त्या वेळी मी शाळेत होते. बघायला नव्हते, याचं मला थोडं बरंच वाटलं.

आमचा पाया दिवाळीनंतर निघाला, अण्णांच्या भिंतीपासून तीन हात सोडून. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही राहायला गेलो. पहिल्याच मे महिन्यात स्लॅबनं आम्हाला शिकवलं. रात्री अंथरुणाला हात लावला तरी गरम लागायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो, तरी तास-दोन तास वाफाच निघत. पुढं कधीतरी वर चुना मारून घेतला, तेव्हा जरा फरक पडला. अण्णा तीन हातांच्या बोळातनं हाक मारून विचारायचे, झोप लागली का. चेष्टा होती का चौकशी, मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर दसऱ्याच्या आधी त्यांचा गिलावा चालायचा तेव्हा भावजी स्वतः येऊन ती भिंत बघून जायचे. अण्णांनी त्यांना पुढं आपल्या दोन भाचरांची कामं मिळवून दिली. त्या शनिवारच्या बोलण्याबद्दल मात्र त्यांनी भावजींची कधी माफी मागितली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

अण्णा गेले तेव्हा नवं शतक उजाडून चार-पाच वर्षं झाली होती. त्याच सुमाराला आम्ही वर एक खोली चढवत होतो. एका दुपारी भावजी माल कालवत होते आणि मी चहा घेऊन वर गेले. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं. त्या शनिवारी अण्णा सगळ्यांदेखत बोलत होते, तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?

भावजींनी थापी बादलीत ठेवली. मला वाटलं होतं, जाऊ द्या वहिनी, असं काहीतरी म्हणतील.

"मला लई राग आलता तुमचा," ते म्हणाले. "त्या पोरीसाठी थांबलतो. अंधार पडायच्या आत तुम्ही बोलला नसता, तर टेकूंचं बघून मी पिशवी उचलून गेलो असतो. परत तुमच्या कामावर आलो नसतो."

"आणि अण्णांना माझं नाव सांगितलं असतं?"

"न्हाय. त्यास्नी कशाला? का जातोय ते तुम्हाला सांगितलं असतं."

त्यांनी चहा घेतला, कप मला परत दिला आणि मालात पाणी घातलं. मी खाली आले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. अण्णा भावजींना बोलत होते तेव्हा आणि पुढं दोन तास मी गप्प राहिले होते, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. भावजींनी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही.